रजिस्टरमधली खोडलेली ओळ

माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याचं एक लांबट रजिस्टर आहे. सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्या खोडी असतात आणि त्यांच्यावर मी जे तोडगे काढले, ते सगळे त्यात हातानं लिहिलेले आहेत. कंपनी प्रत्येक नव्या व्हर्जनबरोबर ‘नोन इश्यूज’ची यादी काढते. म्हणजे इथे इथे बिघडतं हे आम्हाला माहीत आहे, दुरुस्त होईस्तोवर असं असं करून निभवा. ही यादी कोणी वाचत नाही. मी वाचतो. मला पदवी नाही, जळगावकडच्या दीपनगरच्या कॉलनीत लोकांचे बंद पडलेले कम्प्युटर उघडून शिकलो. घरच्या जुन्या मशिनवर तो बिघाड मुद्दाम घडवतो, तोडगा चालतो का बघतो, मगच ओळ लिहितो.

लिहितो अहिराणीत. सर्व्हर बंद पडून चार माणसं मानेवर उभी राहिली की घरचीच भाषा चटकन कळते. ‘हिरवा दिवा दखायना तरी भरोसा ठेवू नको’, ही पहिल्या पानावरची ओळ; दिवा हिरवा दिसला तरी विश्वास ठेवायचा नाही. आणि जिथे काही पुसायचं आहे, तिथे आधी ‘हात धुई ये’ लिहिलेलं. पुसलेलं परत येत नाही. नळापर्यंत जाऊन येईस्तोवर माणूस एकदा तरी विचार करतो.

धुळ्याच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचा सर्व्हर माझ्याकडे होता. साक्री-शिरपूरकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांच्या सगळ्या नोंदी त्यावर. मला कावीळ झाली तेव्हा मी रजिस्टर धुळ्याच्या नानाकडे पाठवलं. आठ वर्षं त्याच्या कम्प्युटरच्या दुकानात काम केलेलं, विश्वास होता. म्हटलं, मी उठेपर्यंत हॉस्पिटलचं तेवढं सांभाळा.

नानानं प्रत्येक पानाचा फोटो काढला, इंग्रजीत टाइप करून घेतलं, वर आपल्या दुकानाचं नाव घातलं आणि विश्वस्तांना नेऊन दिलं. म्हणाला, ‘जळगाववाला नुसता पेचकसवाला आहे, आमच्याकडे लेखी पद्धत आहे.’ मी अंथरुणातून उठलो तेव्हा काम गेलेलं होतं.

मी त्याच्या दुकानात गेलो.

“नाना, ते रजिस्टर माझं आहे.”

“कोणता पानवर नाव शे तुन्हं?”

एकाही पानावर नव्हतं. स्वतःच्या रजिस्टरवर कोण नाव घालतं? टेबलावरचा पेपरवेट मी उचलला होता. परत खाली ठेवला आणि रजिस्टर घेऊन निघालो, एवढंच.

पुढच्या वर्षी नवं व्हर्जन आलं. जुन्यात बॅकअप अडकला की लॉक फाइल, म्हणजे काम चालू असल्याची सॉफ्टवेअरची खूण, हातानं पुसायची आणि पुन्हा चालू करायचं, असा माझा तोडगा होता. नव्या यादीत लिहिलं होतं की आता असं करू नका. लॉक फाइल पुसली तर सॉफ्टवेअर बॅकअपच्या जुन्या सगळ्या प्रती रद्द समजतं. मी ती ओळ लाल शाईनं खोडली. नानाच्या इंग्रजी पानांत ती तशीच असणार, हे मला त्याच क्षणी कळलं. मी फोन केला नाही. वाट बघितली.

एका सोमवारी नरडाण्याच्या कारखान्यात केबल बदलत होतो, तेव्हा हॉस्पिटलच्या नोंदी विभागाच्या अक्कांचा फोन आला. जुनं मशिन बंद पडलं, बॅकअपवरून नव्या मशिनवर नोंदी परत आणताना काम अडकलं, नानाच्या दोन माणसांनी कागदात बघून लॉक फाइल पुसली, आणि आता एकही प्रत दिसत नव्हती.

“दोघं आधी हात धुऊन आले,” अक्का म्हणाल्या. “मला वाटलं, दवाखाना आहे म्हणून.”

मी हसलो.

“हसता काय, भाऊ? कोणत्या पोराला कधी रक्त चढवलं, कोणाला काय चालत नाही, सगळं गेलं.”

गेलं नव्हतं. त्याच यादीत खाली लिहिलं होतं की रद्द झालेल्या प्रती सात दिवस एका लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात, मग कायमच्या जातात. मधे सर्व्हर बंद करून चालू केला तर लगेच जातात.

“मशिनला कोणी हात लावू नका,” मी म्हणालो. “बंद करू नका. आणि नानाला मला फोन करायला सांगा.”

“तुम्हाला येतं की नाही, तेवढं सांगा.”

“नानानं फोन करावा.”

सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. अक्का रोज फोन करत होत्या, मी रोज तेच सांगत होतो. शनिवारी सकाळी नानाचा फोन आला.

“तुले काय पाहिजे ते बोल.”

“विश्वस्तांसमोर एक वाक्य.”

दुपारी धुळ्यात पोचलो. तीन विश्वस्त, अक्का, नाना. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं.

“हाई यान्हं शे,” नाना म्हणाला.

“किती?”

“बठ्ठं.”

“मराठीत सांगा नाना, साहेबांना कळू द्या.”

“सगळं लिखाण याचं आहे. मी उतरवून घेतलं.”

एका विश्वस्तानं विचारलं, “मग ती हात धुवायची पायरी कशासाठी?”

“स्वच्छता,” नाना म्हणाला.

इतकं गोड मला आयुष्यात काही लागलेलं नाही.

प्रती परत आणायला अर्धा ताससुद्धा लागला नाही. अक्कांनी एकेक नाव उघडून बघितलं.

“इतकंच होतं?”

“इतकंच.”

“सोमवारी माहीत होतं?”

“हो.”

“बुधवारी एक बाई मुलीला घेऊन आली. जुनी नोंद नाही म्हणून सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. चार वेळा सुई टोचली त्या पोरीला. आणि तुम्हाला वाक्य पाहिजे होतं.”

नानानं सोमवारीच फोन करायचा होता, असं मी म्हणालो. अक्कांनी रजिस्टर उचललं, स्वतः झेरॉक्स मशिनपाशी उभं राहून पानन् पान काढलं आणि प्रत्येक पानाखाली मला नाव लिहून सही करायला लावली.

“आता नाव आहे,” त्या म्हणाल्या. “आणि आता हे हॉस्पिटलचंही आहे.”

मी घासाघीस केली नाही. करता आली नाही.

काम पुन्हा माझ्याकडे आहे. नवी यादी आली की मी दोन्हीकडे दुरुस्ती करतो, माझ्या रजिस्टरमध्ये आणि अक्कांच्या झेरॉक्समध्ये. नाना ती इंग्रजी पानं अजून एका कॉलेजात आणि एका डेअरीत वापरतो. परवाच्या यादीनं त्यातल्या आणखी दोन ओळी घातक झाल्या. अक्कांचं बोलणं मला लागलं, हे खरं आहे. त्या पोरीचं आठवतं. पण नानाला मी अजून काही कळवलेलं नाही. त्याच्याकडे माझा नंबर आहे.