फोन म्हणे सत्तावीस

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गेटच्या आत गाडी ताशी पंधरा किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा नियम आहे. नियम चांगलाच आहे, आत मुलं सायकली चालवतात. पण आमच्या सेक्रेटरींना मुलांपेक्षा नियमाचा लळा जास्त.

हे गृहस्थ पुण्याहून आलेले. आमचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे माझ्या मराठीत ‘थोडं’च्या जागी कन्नड ‘स्वल्प’ आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’ आपोआप येतात. पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, “तुमचं मराठी गोड आहे हं. जरा सुधारायला हवं, एवढंच.” तेव्हापासून मी त्यांच्याशी मुद्दाम जास्तच कन्नड मिसळून बोलते.

एका सकाळी त्यांच्या बायकोला इंदिरानगरला जायचं होतं आणि कॅब मिळत नव्हती. मी त्याच बाजूला निघाले होते, म्हणून तिला गाडीत घेतलं. गेटबाहेर पडेपर्यंत ती फोनमध्ये डोकं घालून बसली होती. असतील मेसेज, मला वाटलं. संध्याकाळी परत आले तर नोटीस बोर्डावर माझ्या फ्लॅटचा नंबर! ‘वेगमर्यादेचा भंग. ताशी सत्तावीस किलोमीटर. जीपीएसचा पुरावा उपलब्ध.’ नवऱ्याने बायकोच्या फोनवर वेग मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं होतं, आणि तिने माझ्याच गाडीत बसून माझी चहाडी केली होती.

मी तडक त्यांच्या दारात.

“माझ्या गाडीचा काटा पंधरावर होता,” मी म्हटलं.

“काटा?” ते हसले. “मॅडम, काटे खोटे असतात. कंपन्या मुद्दाम चुकवून लावतात. मी वाचलंय.”

“चुकवून म्हणजे कुठल्या बाजूला? जास्त की कमी?”

माणसाने वाचलं होतं, पण अर्धंच. गाडीचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवतो, कमी दाखवत नाही. म्हणजे तो पंधरा म्हणत असेल, तर गाडी पंधराच्या आतच असणार. हे मी सांगितलं, तर म्हणाले, “उपग्रहापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

“सरी,” मी म्हटलं. “रविवारी मोजू.”

तिसऱ्या मजल्यावर एक अक्का राहतात, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे लांब टेप, स्टॉपवॉच आणि शिट्टी अजून शाबूत. रविवारी त्यांनी दोन टॉवरांच्या मधल्या रस्त्यावर पन्नास मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूची रेघ मारली. पंधराच्या वेगाने एवढं अंतर जायला बरोबर बारा सेकंद लागतात, हिशोब त्यांनीच केला. त्याहून कमी लागले तर मी चोर.

सेक्रेटरी फोन घेऊन मागच्या सीटवर बसले, पुढे बसले तर मी फोन बघून वेग बदलेन म्हणून. तीनदा गेलो. काटा पंधरावर धरून तिन्ही वेळा तेरा सेकंदांच्या वर लागले. फोनचं काय? पहिल्यांदा आम्ही निम्मं अंतर गेलो तरी तो शून्य दाखवत होता. दुसऱ्यांदा सहा. तिसऱ्यांदा एकदम एकतीस, आणि नकाशावर आमची गाडी क्लबहाउसच्या स्विमिंग पूलमध्ये.

“बुडालो की हो,” मी म्हटलं.

“उंच बिल्डिंगमुळे सिग्नल वीक आहे,” ते पुटपुटले.

अक्कांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि कन्नडमध्ये विचारलं, “सिग्नल इतका वीक, तर नोटीस एवढी स्ट्राँग कशी लिहिली?”

जमलेली मंडळी हसली. मीही हसले, जरा गरजेपेक्षा मोठ्याने. त्यांची बायको बाल्कनीतून बघत होती, ती आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी नोटीस गायब झाली. माफी नाही, खुलासा नाही. माफी मागायला मोजमाप लागत नाही, पण तीही जमावी लागते. पुढच्याच आठवड्यात त्या रस्त्यावर तीन नवे स्पीड ब्रेकर आले, इतके उंच की पहिल्याच दिवशी सेक्रेटरींच्याच गाडीचं पोट खरवडलं.

महिन्याभराने बहिणीला विमानतळावर सोडायला जात होते. हेब्बाळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मी तिला तेच अ‍ॅप लावायला सांगितलं. काटा ऐंशीवर स्थिर, फोन चौऱ्याहत्तरवर, तोही अगदी स्थिर. बहिणीने किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजला: जवळजवळ एकोणपन्नास सेकंद. फोनच बरोबर होता.

“म्हणजे तो माणूस स्वल्प खरा होता की,” ती म्हणाली.

“मोकळ्या आभाळाखाली,” मी म्हटलं. “टॉवरांच्या मधे नाही.”

सेक्रेटरींना हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. उद्या बोर्डावर लावतील.