ती डीपी, तो डीपी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक जळकी तार आणि दुसरे किस्से! तार निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? ते तसेच पडून राहतात, आणि कुणी चहाला बसलं की एकेक बाहेर निघतो.

माझं दुकान देवळाली प्रवराच्या बाजारपेठेत. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती टेम्पोत घालून आणतो आणि तार भरून होईपर्यंत बाकावर बसून बोलतो. दोघं मात्र मोटार न जळताही रोज येतात. एक आमचे नाना. सत्तरी ओलांडली तरी स्वतः उसाला पाणी धरणारे. दुसरा दत्तू, वीज कंपनीतला वायरमन. आमच्या भागातला एकही खांब त्याने चढायचा ठेवलेला नाही.

आमच्याकडे डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. ती डीपी! बांधावर उभी राहून गुणगुणते, आणि जळाली की आसपासच्या सगळ्यांच्या उसाची मान खाली जाते. आम्हाला एवढीच डीपी माहीत होती. पण या दोन अक्षरांनी कुठे कुठे संसार थाटलेत, ते हळूहळू कळत गेलं आणि आम्ही तोंडात बोटं घातली.

*

नानांना नातीने नवा मोबाईल घेऊन दिला. नात पुण्यात शिकते, सई नाव. एकदा नाना दुकानात बसलेले असताना तिचा फोन आला. नानांना फोन कानाला लावून ऐकू येत नाही, त्यामुळे स्पीकर चालू.

"नाना, डीपी बदला की आता! किती जुना झालाय!"

नाना दचकले. "तुला कोनी सांगितलं गं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मला इथून दिसतोय ना!"

नानांनी फोनवर तळहात झाकला. डोळे मोठे झालेले. हळू आवाजात मला म्हणाले, "मिस्त्री, पोरगी पुन्यात बसून आपली डीपी बघती!"

मग हात काढला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरं बाई, दिसतीच हाय तर जरा नीट बघ. खालून तेल गळतंय का?"

फोटोलाही डीपी म्हणतात, हे सईने समजावून सांगितलं. नानांनी शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन फोटो काढून घेतला. डीपीला हार, पुढे फोडलेला नारळ, शेजारी नाना. तोच फोटो व्हॉट्सॲपवर लावला.

"दोन्ही डीपी एकाच फोटूत आल्या!" म्हणाले.

*

कंपनीत विदर्भाकडच्या एक मॅडम इंजिनियर म्हणून नव्याने आल्या होत्या. हुशार बाई, पण आमच्या भागाची अजून सवय नव्हती. आणि आमच्याकडची पोरं देवळाली प्रवरालाच डीपी म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार?

गावातली डीपी उडाली. दत्तूने माझ्याच दुकानातून फोन लावला. "मॅडम, डीपीची डीपी गेली!"

"एकदाच बोला. तुमचा आवाज दोनदा येतोय."

"आवाज बराबर हाय मॅडम. डीपी दोन हायेत. त्यातलं एक गाव हाय."

"म्हणजे काय गेलंय?"

"डीपीची डीपी!"

मग मॅडम घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अहो, गाव कुठं गेलं?"

*

माझ्या मेहुण्याने संगमनेरला घर बांधलं. वास्तुशांतीला नाना आणि दत्तू दोघांनाही बोलावणं होतं. मेहुण्याने पत्ता सांगितला, "डीपी रोडला या."

झालं! दत्तूला वाटलं, आपल्याच खात्यातला पत्ता आहे. गाडीतून प्रत्येक रस्त्यावर डीपी शोधत निघालो. पहिल्याच कोपऱ्यावर सापडली. तिथे घर नव्हतं. पुढच्या रस्त्यावरही सापडली. नाना वैतागले. "या गावात प्रत्येक रोड डीपी रोडच हाय!"

शेवटी विचारत विचारत पोचलो. नव्या घरासमोरून डांबरी रस्ता जात होता आणि थोडं पुढे जाऊन एकदम ज्वारीच्या रानात संपत होता. बांधावर त्या रानाचे मालक बसले होते, नानांच्याच वयाचे.

दत्तूने विचारलं, "बाबा, रोड फुडं कुटं गेला?"

"गेलाय की. माज्या ज्वारीतनं गेलाय."

"दिसत न्हाई."

"दिसायचा न्हाई. अजून नकाशात हाय," ते म्हणाले. पुढे वीस-पंचवीस वर्षांत गाव कसं वाढणार, हे नगरपालिका आधीच आखून ठेवते. त्या आराखड्यातला, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅनमधला, रस्ता म्हणजे डीपी रोड. म्हातारबाबा उठले आणि आम्हाला ज्वारीतून चालवत घेऊन गेले. "ह्यो फुटपाथ. हितं दुकानं. आन् ह्यो चौक. चारी बाजूंनी गाड्या येनार हितं."

ज्वारी छातीपर्यंत आलेली. वाऱ्याने कणसं हलत होती. आम्ही तिघं त्या चौकात उभे राहून चारही बाजूंना बघत राहिलो.

मेहुण्याने जेवायला हाक मारली. आम्ही परत निघालो. नाना मात्र तिथेच थांबले. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं आणि मगच ज्वारी ओलांडली!

*

एका डीपीच्या पेटीत लाल मुंग्यांनी घर केलं होतं. हात घातला की कडकडून चावायच्या. दत्तू कृषी सेवा केंद्रात गेला. "मुंग्यांची पावडर द्या."

"कशात झाल्यात?"

"डीपीत."

दुकानदाराने मान डोलावली आणि एक पुडा पुढे ठेवला. दत्तूने तो वाचला आणि तसाच धावत माझ्याकडे आला. "मिस्त्री, हे बघ! कंपनीनं डीपीसाठी खास पावडर काढलीया. वर छापलंय!"

खरंच छापलेलं होतं. औषधाच्या नावापुढे ठळक अक्षरांत, डीपी! पुडा बाकावर या हातातून त्या हातात फिरला. नाना गहिवरले. "बगा, मुंबईत बसलेल्या मान्सालाबी आपल्या डीपीतल्या मुंग्या ठाऊक हायेत!"

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला विचारलं. तो हसून म्हणाला, "धुरळायच्या भुकटीला इंग्रजीत डस्टिंग पावडर म्हणतात, त्याचं डीपी." मी दत्तूला सांगितलं, तर तो माझ्यावरच उखडला.

"मुंग्या गेल्या का न्हाई? मंग!"

*

हा किस्सा सांगताना नाना समोर असले की मी जरा जपून सांगतो.

राहुरीचे किसनराव हे नानांचे लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी दोघांचा एकमेकांना 'रामराम' जायचा. एका हिवाळ्यात किसनराव वारले. पण व्हॉट्सॲपवर त्यांचा फोटो तसाच राहिला. पांढरी टोपी घालून, डाळिंबाच्या झाडाशेजारी हसणारा. नाना रोज तो उघडून बघायचे. "मानूस गेला आन् डीपी चालूच! काय म्हनावं याला?"

पुढे कधीतरी तो फोटो गेला. तिथे नुसता करडा गोल राहिला. नाना त्या दिवशी चहा न घेताच उठले.

असे बरेच महिने गेले. एका सकाळी नाना दुकानात आले ते फोन पुढे धरूनच. "मिस्त्री, किसन्या आला!"

मी फोन पाहिला. किसनरावांच्या नावासमोर, त्या करड्या गोलाच्या जागी, तान्ह्या बाळाचा फोटो. पांढरं टोपडं घातलेलं, मुठी आवळलेलं बाळ.

दत्तूने हळूच सांगितलं, "नाना, बंद पडल्याला नंबर कंपनी दुसऱ्याला देती. कुनाचं तरी लेकरू हाय ते."

"समजतं रं मला. पन टोपी तर बघ!"

आणि आम्ही नको नको म्हणत असताना नानांनी त्या नंबरवर 'रामराम' पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं. 'रामराम. आपण कोण?'

नानांना जास्त लिहिता येत नाही. त्यांनी बटण दाबून फोन तोंडाजवळ धरला. "या नंबरावर आदी माझा दोस्त हुता. तो वारला. तुमचं बाळ बघितलं, म्हून रामराम घातला. राग मानू नका."

मी मोटारीला तार भरत बसलो. दत्तू नखं बघत बसला. मग फोन वाजला. व्हिडिओ होता. ते बाळ भली मोठी जांभई देत होतं आणि मागून एका तरुण माणसाचा आवाज येत होता, "आजोबांना रामराम कर. कर, रामराम!"

पाथर्डीकडचं जोडपं होतं, उसतोडीला आमच्याच भागात आलेलं. तेव्हापासून रोज सकाळी रामराम चालू आहे.

परवा नाना दुकानात शिरले ते हातात पेढे घेऊनच. "घ्या, किसन्याला दात आला!"

*

आता हा शेवटचा.

भर दुपारची गोष्ट. जळालेली डीपी उतरवून नवी बसवायची होती. उसाला पाणी दिल्यामुळे वाट मऊ झालेली. टेम्पोचं एक चाक रुतलं, टेम्पो कलला आणि डीपी सरकली. दत्तू खाली उभा होता. बाजूला उडी मारली त्याने, पण उजवा पाय सापडला.

मी आणि नानांनी त्याला नगरच्या एका दवाखान्यात नेलं. मागून त्याची बायको मंगल आणि आई आली. आईला सगळे जिजी म्हणतात. मोतीबिंदूने तिला जवळचंही धूसर दिसतं. पदराचं टोक तोंडात धरून ती भिंतीला टेकून बसली.

डॉक्टरांनी पाय पाहिला. गुडघा जागेवरून सरकलेला. खालचं पाऊल पांढरंफटक आणि गार. त्यांनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवली. जागा बदलली. पुन्हा ठेवली. मग सिस्टरला म्हणाले, "डीपी लागत नाहीये."

नाना कळवळून पुढे झाले. "सायेब, अख्खी डीपी पायावर पडली त्याच्या. लागली न्हाई कशी म्हनता?"

डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाबा, पावलावर एक नाडी असते. तिला आम्ही डीपी म्हणतो. ती लागत नाही म्हणजे खाली रक्त पोचत नाही. आता गुडघा जागेवर बसवतो. रक्त उतरलं तर चांगलंच. नाही उतरलं, तर नस उघडावी लागेल. आणि तरीही नाही उतरलं, तर..."

मंगलने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. खांब चढणाऱ्या माणसाचा पाय होता तो.

दत्तूला आत नेलं. इकडे नानांचा फोन सारखा वाजत होता. गावातले शेतकरी विचारत होते, 'दत्तू कसा हाय? काय कळलं का?' नाना एवढंच म्हणायचे, "थांबा." मंगल दारासमोर उभीच होती. बस म्हटलं तरी बसेना.

बाहेरचं ऊन उतरलं तेव्हा दार उघडलं. डॉक्टर स्वतः आले. टोपी काढली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "डीपी आली!"

मंगल आता कुठे खाली बसली. नानांनी तेवढ्यात वाजलेला फोन उचलला आणि त्यात ओरडले, "आली रं, डीपी आली!"

पलीकडून कुणीतरी आनंदाने विचारलं, "बसवली व्हय? मंग मोटारी चालू करू का?"

"आरं येड्या, दत्तूच्या पायातली आली!" नाना म्हणाले आणि भर दवाखान्यात रडायला लागले.

थोड्या वेळाने आम्हाला आत सोडलं. दत्तू गुंगीत होता. पाऊल चादरीबाहेर होतं, आता जरा तांबूस झालेलं. नाडी जिथे लागते तिथे डॉक्टरांनी निळ्या पेनने फुली मारून ठेवली होती, सिस्टरला पुन्हा पुन्हा तपासता यावी म्हणून.

जिजीला फुली दिसेना. ती पायाजवळ नुसतीच चाचपडत होती. डॉक्टरांनी तिचं बोट धरलं आणि अलगद त्या जागेवर ठेवलं. "दाबू नका जिजी. नुसतं ठेवा."

तिने ठेवलं. श्वासही घेईना.

मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. "ठोकं देती!" ती म्हणाली. "देती हो, देती!"

"हो."

"ही रातंदिस अशीच चालू असती?"

"रात्रंदिवस."

"झोपल्यावरबी?"

"झोपल्यावरही."

"माज्या पोटात हुता, तवापास्नं?"

"तेव्हापासून, जिजी."

तिने बोट उचललं नाही. अंधूक डोळे डॉक्टरांच्या आवाजाकडे वळवले आणि अगदी हळू विचारलं, "डाक्टर, मंग ही डीपी बशिवली कोनी?"

डॉक्टरांनी नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि आपलंही बोट तिच्या बोटाशेजारी ठेवलं.