पट्ट्याचा दुसरा आवाज

“तुझा मामा माणसांचं ऐकत नाही, पट्ट्याचं तेवढं ऐकतो,” मामी कुरकुरायची.

मामा धान्याच्या कोठारात मिस्त्री. तिथे तीन मजली उंच लोखंडी नळकांडं आहे. आत रबरी पट्टा फिरतो, पट्ट्याला ओळीने बादल्या, त्या खालचं धान्य वर नेतात. सव्वीस वर्षं मामा रोज त्या नळकांड्याला कान लावतो. पट्ट्याला म्हणतो ‘बाईसाहेब’.

“बाईसाहेब एका फेरीत एकदाच बोलतात,” तो सांगायचा. “जोड चाकावरून गेला की ठप. दुसरा आवाज आला तर समज, बादली पत्र्याला लागतेय. लागली की ठिणगी, आणि आत सगळी धान्याची धूळ. मग ना कोठार, ना आपण.”

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले आणि झडपेच्या काचेतून आत डोकावले. काळोखातून बादल्या वर येत होत्या. एकेक, आ वासून. एकही माझ्याकडे बघत नव्हती, तरी मीच मागे सरले.

भीती घालवायला मी नक्कल करते. मामाने डबा उघडला, तशी मी सुरू झाले, “सर्रर्र… ठप. टिक. सर्रर्र… ठप. टिक.”

“हुबेहूब!” मुकादम खो खो हसला. “बाईसाहेबांना सुट्टी द्या, हिलाच जोडा!”

मामाचा घास हातातच राहिला. “परत कर.”

केली.

“ते शेवटचं पदरचं घातलंस?”

“छे! आहे तसंच केलं.”

मामा उष्ट्या हातानेच धावला आणि लाल बटण दाबलं. कोठार इतकं गप्प झालं, की आत कुठेतरी एकेक दाणा पडताना ऐकू आला. झडप उघडून मामाने आणि मुकादमाने पट्टा हाताने सरकवला. जोडाजवळची एक बादली एकाच बोल्टवर लोंबत होती. समोरच्या पत्र्यावर तिने ओरखडा पाडला होता, ताजा, चकचकीत.

“अहो मिस्त्री, सकाळीच तर वहीत ‘ठीक’ लिहिलंत!” मुकादम म्हणाला.

मामाने नवे बोल्ट आवळले, पट्टा सुरू केला, मला बाजूला घेतलं.

“आता कर. आता कसा येतोय?”

“सर्रर्र… ठप. सर्रर्र…”

मामा माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. ओठांकडे बघत होता.

“टिक गेली?”

“गेली की! ऐक ना तूच.”

तो नळकांड्याकडे वळलाच नाही. मग मी आवाज अजिबात न काढता नुसते ओठ हलवले. ठप. टिक.

मामा पांढराफटक पडला. “पुन्हा आली?”

मी मानेनेच नाही म्हटलं. आमच्या पाठीशी पट्टा सरसरत होता.

“दोन वर्षं झाली,” तो हळूच म्हणाला. “ठप हाताला लागतो. टिक लागत नाही.”

मग त्याने तपासणीची वही उचलली आणि मुकादमासमोर ठेवली.

“बाईसाहेबांसाठी आजच दुसरा कान बघा.”