कार्डावरची सात माणसं

“माणसं मोजू नयेत गं, मोजली की कमी होतात,” काकू वहिनीच्या कानाशी पुटपुटल्या. दारात रेशनकार्डाचा कारकून उभा होता. आज इतक्या वर्षांनी डब्यातल्या जोंधळ्याला रेशनच्या धान्यासारखा कुबट वास आला आणि लढाईच्या दिवसांतली हुबळीची ती सकाळ आठवली. “एष्टु मंदि, अक्का?” किती माणसं, असं कारकुनानं कानडीत विचारलं. “सातच,” काकू म्हणाल्या. वहिनीची पहिली दोन मुलं गेली होती, म्हणून तिसरा दोन वर्षांचा झाला तरी काकू त्याला कुठल्याच मोजणीत येऊ देत नसत. कारकुनाची नजर दोरीवरच्या झबल्यावर अडली. “सगळी पेठ एकाचे दोन सांगते, आणि तुम्ही कमी? काय लपवताय?” काकू त्याच्या पेन्सिलीकडे तितक्याच संशयानं बघत होत्या. वहिनी मान खाली घालून उभी होती. जगात तोंडं वाढतात तितकं धान्य वाढत नाही, असं आम्हाला शाळेत इंग्रजीतून शिकवलं होतं. मला मात्र एकच तोंड दिसत होतं, आणि त्याच्यासाठी रोज अर्धी होणारी वहिनीची भाकरी. परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. तो आवाज माझाच होता, हे आजही खरं वाटत नाही. मी म्हणाले, “आठ लिहा. आठवा आत झोपलाय.”