इस्त्री विभागातली चेटकीण

वहिनीने चेटकीण व्हायचं ठरवलं तेव्हा माझे पाय सुजलेले होते, त्यामुळे मी तिला धड विरोधही केला नाही. दिवसभर शिलाई मशीनचं पायडल मारून घरी आलेल्या बाईला कुणी "मी चेटूक शिकतेय" असं सांगितलं, तर ती "बरं" म्हणते आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसते. मीही तेच केलं.

"हिरवं चेटूक असतं ते," वहिनी म्हणाली. "झाडापाल्याचं. कुणाचं वाईट करायचं नसतं त्यात."

"मग उपयोग काय त्याचा?" मी विचारलं. त्या दिवशी आमच्या दुकानाच्या मालकिणीचं थोडंसं वाईट झालं असतं तर मला चाललं असतं.

ती हसली नाही. दादा गेल्यापासून तिला हसवणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं झालं होतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून सलग तीन वाक्यं बाहेर आली, म्हणून मी थट्टा आवरली.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे पहिल्यापासून याच घरात. दोन खोल्या, एक मोरी, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. वहिनी मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. आधी कितीतरी वर्षं ब्लीचच्या टाक्यांवर होती, मग पाठीने हात टेकले तेव्हा इस्त्रीवर आली. दादा दारं-खिडक्यांच्या कारखान्यात पॉलिश करायचा. हाताला लागलेलं पॉलिश तो टर्पेंटाइनने काढायचा, त्यामुळे जिन्यात त्याचं पाऊल वाजायच्या आधी त्याचा वास घरात यायचा. टर्पेंटाइन, लाकडाचा भुसा आणि घाम. मी नाक मुरडायचे. वहिनी दार उघडायला उठायची.

एके दिवशी दादा कामावरच कोसळला आणि गेला. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही, मला जमत नाही.

सांगायचं ते शर्टाचं. आदल्या दिवशी अंगातून काढलेला त्याचा कामाचा शर्ट दारामागच्या खुंटीला तसाच होता. आता धुलाईघराचा एक नियम असतो. दवाखान्यातली खाट रिकामी झाली की त्या खाटेवरचं आणि तिच्या आसपासचं सगळं कापड लगेच उचलायचं आणि उकळत्या सोड्यात टाकायचं. रोग मागे राहू द्यायचा नाही. वहिनीने हे आयुष्यभर केलं होतं. सगळं आटोपून घरी आलो आणि मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगले. जागी झाले तर वहिनीने चादर, उशीची खोळ, टॉवेल आणि तो शर्ट उकळून, वाळवून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला. कॉलर ताठ. बटणं लावलेली. तिचे हात मोकळे झाले, तिने त्या घडीकडे पाहिलं आणि मटकन खालीच बसली.

"हे काय केलं मी," एवढंच म्हणाली. "एवढंच तर उरलं होतं."

दादाचा वास असलेलं घरात दुसरं काहीच नव्हतं. तो आमच्या वहिनीने आपल्या हातांनी, नियमाप्रमाणे, डाग न ठेवता काढून टाकला होता. तिला तो परत हवा होता. चेटकीण व्हायचं होतं ते एवढ्याचसाठी. वास गेला तर माणूस दुसऱ्यांदा जातो, असं तिच्या मनाने घेतलं होतं आणि या दुसऱ्या जाण्याला तीच जबाबदार होती.

हिरव्या चेटकाचा पत्ता तिला मोबाईलवर लागला. दहाही बोटांत अंगठ्या घातलेली एक बाई एका भल्यामोठ्या बागेत उभी राहून सांगायची, की झाडाला जे द्याल ते झाड जपून ठेवतं आणि मनापासून मागितलंत तर परत देतं. तुमच्याजवळ बाग नसेल तर एका कुंडीपासून सुरुवात करा, म्हणे. आधी झाडाला आपली ओळख सांगा, पान तोडण्याआधी परवानगी घ्या, रोज थोडा वेळ त्याच्याजवळ नुसतं बसा. त्या बाईला नुसतं बसायला वेळ होता हे तिच्या नखांवरूनच कळत होतं.

पहिल्यांदा पुदिना आला, तेलाच्या रिकाम्या डब्यात. वहिनी खिडकीपाशी ताठ उभी राहिली आणि कामावर हजेरी देतात त्या आवाजात पुदिन्याला म्हणाली, "इस्त्री विभाग, सकाळची पाळी." मी आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसले. मग गवती चहा आला, मग ओवा, मग कोरफड, शेवटी झेंडू. कुठला डबा कुणाचा ते कळावं म्हणून तिने धुलाईघरातल्या बाद झालेल्या कापडी चिठ्ठ्या त्यांना बांधल्या. पुदिन्यावर "प्रसूती", गवती चहावर "हाडे", झेंडूवर "बाह्यरुग्ण". आमची खिडकी म्हणजे एक छोटा दवाखानाच झाला, फक्त बरं कुणी होत नव्हतं.

पहिल्यांदा पानं सुकवली तेव्हा ती आकसून सुरकुतली. सुरकुती वहिनीला बघवत नाही. तिने त्यांच्यावर ओलं फडकं टाकून मंद इस्त्री फिरवली. पानं छान सपाट झाली आणि त्यांच्यातला सगळा वास फडक्यात गेला. धुलाईघरात ही गोष्ट तिनेच कुणाला तरी सांगितली आणि तिथे तिचं नाव चेटकीण पडलं ते कायमचं. "चेटकीणबाई, माझ्या कंबरेचं बघा हो," असं त्या बाया म्हणायच्या. वहिनी खरंच ओव्याची पानं नेऊन द्यायची. कुणाची कंबर दुखायची त्याने थांबली नाही, पण पानं सगळ्या घ्यायच्या.

पौर्णिमेला जागून काही करायचं असतं म्हणे. ते मात्र कधीच झालं नाही. साडेआठ वाजले की वहिनी आडवी व्हायची. चंद्र बिचारा एकटाच यायचा आणि जायचा.

चेटूक असं होतं. शर्ट पत्र्याच्या पेटीत ठेवायचा, घडीच्या आत पानं पसरायची, हात ठेवून मागणं मागायचं आणि सुट्टीच्या दिवशी उघडायचं. प्रत्येक सुट्टीला वहिनी शर्ट माझ्या नाकापुढे धरायची.

"कसला येतोय?"

"पुदिन्याचा."

"आणखी?"

"आणखी पुदिन्याचाच. टूथपेस्टचा कारखाना झालाय शर्टाचा."

ती मान हलवायची, घडी पुन्हा तशीच घालायची, पुढच्या वेळी पानं बदलायची. मग गवती चहाचा यायचा, मग ओव्याचा. मला राग यायचा. मला खरोखर फार राग यायचा. आठवड्यातली एक सुट्टी, अंग ठणकतंय आणि ही मला दादाचा नसलेला वास शोधायला लावते. तिने स्वतः का नाही घ्यावा? झाडांशी तासन्‌तास बोलणार, माझ्याशी बोलायचं तर फक्त "कसला येतोय". भाऊ माझाही गेला होता, पण हे झाडांना कोण सांगणार.

एका संध्याकाळी दुकानातून आले तर जिन्यातच गॅसचा वास. धावत वर गेले. दार लोटलेलं, शेगडी विझलेली, बटण चालू, आणि बाईसाहेब खिडकीजवळच्या स्टुलावर झेंडूसमोर शांत बसलेल्या. मी बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली आणि मग माझा पारा चढला.

"नाक कुठे गहाण ठेवलंय? जीव गेला असता! झाडाशी गप्पा मारता मारता मेली असतीस आणि मी काडी ओढली असती म्हणजे मीही!"

वहिनीने स्टुलावरूनच मान वळवली. घाबरलेली नव्हती. फार थकलेली दिसत होती.

"मला वास येत नाही गं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"टाक्यांवर होते तेव्हाच गेला. हळूहळू. आधी फुलांचा गेला, मग भाजी करपल्याचा. घरात कशाला सांगायचं म्हणून नाही सांगितलं, आणि कामावर सांगितलं तर काढतील म्हणून तिथेही नाही. मग सवय झाली." ती झेंडूच्या डब्याची चिठ्ठी सरळ करू लागली. "ह्यांचा तेवढा यायचा. ते टर्पेंटाइन नाकात चरचरायचं ना, तेवढंच कळायचं. सगळ्या जगाचा वास गेला होता, ह्यांचा एक राहिला होता. तोही मीच उकळला."

मी शेगडीजवळच बसले. मला दूध उतू गेल्याचे किती प्रसंग आठवले, करपलेले तवे आठवले, त्यावरून मी केलेली कटकट आठवली. आणि कळलं, की प्रत्येक सुट्टीला ती शर्ट माझ्यापुढे धरते कारण घरात आता एकच नाक उरलंय, आणि ते माझं आहे.

त्यानंतर मी पुदिन्याला टूथपेस्ट म्हणणं सोडलं. खोटं मात्र बोलले नाही. एकदा वाटलं होतं, "हो, आला," म्हणून मोकळं व्हावं. पण तिने माझ्या चेहऱ्याकडे असं निरखून पाहिलं, की जीभ रेटेना. कापडावरचा पुसट डाग उजेडात धरून ओळखणारी बाई ती, तिला माझी थाप कळली नसती होय?

"नाही गं वहिनी," मी म्हणायचे. "नाही आला."

"बरं," ती म्हणायची.

दिवसेंदिवस तिचं "बरं" बारीक होत गेलं. एका सुट्टीला तिने पेटी उघडलीच नाही. पलंगावर पडून राहिली आणि म्हणाली, "पुरे झालं. ती अंगठ्यावाली खोटं बोलते. डबे काढून टाक तू. माझ्याने होत नाही." तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. मला भीती वाटली. शोधत होती तोवर ती निदान रोज उठत होती. शोधायचंच संपलं तर ही बाई उठेल कशासाठी, हे मला सुचेना.

पण मी गेले खिडकीशी. सुरुवात झेंडूपासून केली, कारण त्याच्यावर माझा जुना दात होता. आमच्या खिडकीला ऊन पुरत नाही. सगळ्यात जास्त लाड त्याचे झाले आणि त्याने एक कळीसुद्धा धरली नव्हती. नुसती पानंच पानं. म्हणूनच वहिनीने तो कधी शर्टात घातला नव्हता. फुलाची वाट बघत होती.

"परवानगी घे," पलंगावरून आवाज आला.

"काढून टाकायला कसली परवानगी?"

"घे गं. त्याला काय कळतं, आपण हरलो ते."

वाद घालायची ताकद नव्हती. मी झेंडूपुढे उभी राहिले. "मी धाकटी," मी म्हटलं. "कपडे आखूड करते, सैल करते. माफ कर बाबा, तुला उपटायला आलेय." आणि बुडखा मुठीत धरून जोरात ओढला. तो हट्टी निघाला. देठ हातातून सुटला, आणि खालपासून वरपर्यंतची सगळी पानं माझ्या मुठीत चुरगळली.

आणि दादा आला.

तळहातातून कडू, तेलकट, टर्पेंटाइनसारखा झोंबरा वास उसळला. जिना चढून येणारा दादा, दारात चपला काढणारा, बोटं पुसायच्या फडक्यासाठी हाक मारणारा. अगदी तसाच नव्हता, त्यात भुसा नव्हता, घाम नव्हता. पण मी मागे वळून दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मग माझ्या तोंडून कसला तरी आवाज निघाला आणि मी तिथेच, खिडकीशी, इतके दिवस आवरलेलं सगळं रडून घेतलं.

वहिनी कधी उठली ते कळलं नाही. माझ्यासमोर उभी होती आणि माझा चेहरा वाचत होती, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"आले का गं?" तिने विचारलं.

"आला," मी म्हणाले. "वहिनी, आला."

तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या नाकाला लावले. डोळे मिटले. खूप वेळ श्वास घेत राहिली. माझी मनगटं तिने एवढी घट्ट धरली होती, की बोटं बधिर झाली.

"मला नाही येत," ती शेवटी म्हणाली. मग डोळे उघडून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "पण तुझ्या तोंडावर दिसले."

आम्ही दोघींनी मिळून झेंडूच्या बुडाशी माती दाबून बसवली. अर्धा बोडका झाला होता बिचारा, पण मूळ शाबूत होतं. हातांना माती, पानांचा चिकट रस, डोळ्यांचं पाणी, सगळं एकत्र झालं होतं. मी सवयीने मोरीत गेले आणि नळ सोडला.

"थांब," वहिनी मागून म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांचं सगळं धुऊन काढणारी ती बाई मोरीच्या दारात आडवी उभी होती. "आज हात धुऊ नकोस."

मी नळ बंद केला आणि हात तसेच मांडीवर उपडे न करता, उघडे ठेवून तिच्या शेजारी बसले.