सिस्टरमावशीची मोजणी

सिस्टरमावशीबद्दल इमारतीत एक गोष्ट फार वर्षं फिरत होती. ती म्हणे एका पेशंटच्या पोटात कात्री विसरली आणि म्हणून तिला घरी बसवलं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे ही गोष्ट नुसत्या कात्रीची होती. पहिल्या मजल्यावर जोडीला चिमटा आला. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पेशंटच्या पोटात मनगटी घड्याळ टिकटिकायला लागलं होतं, आणि ते सांगणाऱ्या पेन्शनर बाई "मी नाही हं, लोक म्हणतात" असं म्हणून खुर्ची हळूच पुढे ओढायच्या.

खरी गोष्ट एवढी चमचमीत नाही. मावशी ऑपरेशन थिएटरमधली मोजणीची सिस्टर होती. टाके घालायच्या आधी हत्यारं आणि गॉजचे बोळे मोजायचे, जेवढं आत गेलं तेवढं बाहेर आलं का बघायचं, आणि आकडा जुळेपर्यंत कुणालाही पोट शिवू द्यायचं नाही, हे तिचं काम. एकदा एक बोळा कमी भरला. तिनं सगळ्यांना थांबवलं. डॉक्टर थांबले, भूल देणारे थांबले, पेशंट तर थांबलेलाच होता. कचऱ्याची बादली उपडी झाली, टेबलाखाली रांगून झालं, आणि शेवटी बोळा सापडला तो मावशीच्याच चपलेच्या तळाला चिकटलेला.

पेशंट ठणठणीत होऊन घरी गेला. मावशीला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. जन्मभर दुसऱ्यांवर डोळे वटारणाऱ्या बाईच्या पायाखालीच माल निघाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून बदली मागून घेतली, नोकरीची उरलेली वर्षं केसपेपरच्या खिडकीत काढली आणि निवृत्त झाली. लोक कात्री म्हणाले तर ती खोडून काढत नसे. चपलेपेक्षा कात्री परवडली, असं तिला वाटायचं.

आता त्याच हॉस्पिटलची, एकेकाळी मावशीच्याच हाताखाली शिकलेली मेट्रन तिला फोनवर फोन करत होती. नव्या मुली आल्यात, त्यांना मोजणी शिकवायला या, सोमवारपर्यंत काय ते सांगा. मावशी दर वेळी "बघते" म्हणायची, आणि फोन ठेवला की तिकडे बघायचीसुद्धा नाही.

मावशीचं वॉशिंग मशीन नेमकं त्याच आठवड्यात बिघडलं. आधी महिनाभर ते खडखडत होतं. मग एक दिवस पाणी पोटात धरून गप्प बसलं. दुरुस्तीवाला आला, मशीनच्या पाठीवर दोन थापा मारल्या, "ड्रम गेला मॅडम, ह्याच्यात काय दम नाही राहिला," म्हणाला आणि निघून गेला. हे वाक्य नंतर दिवसभर जिन्यात ऐकू येत होतं, कारण मावशीची भाची वरच्याच मजल्यावर राहायची. वय सोळा. सगळे तिला टेप म्हणायचे. कानावर पडलेला आवाज तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडायचा. शिंपीणबाईंची कात्री आणि पेन्शनर बाईंचं "लोक म्हणतात" हे तिचे हुकमी प्रयोग होते. मावशीसमोर मात्र ते कधी होत नसत.

दुरुस्तीवाल्याचं मावशीला फार टोचलं. पोट न उघडता माणूस गेला असं सांगतात का, असं ती तीनदा म्हणाली आणि शनिवारी सकाळी पदर खोचून उठली. नवरा स्कूलबस चालवायचा. त्याची पान्यांची पेटी तिनं पलंगाखालून ओढली आणि टेपला हाक मारली.

टेपला हे फारच आवडलं. उघडलेल्या वस्तूतून एक तरी स्क्रू उरतोच, असं तिनं छातीठोकपणे सांगितलं आणि पैजही लावली. स्क्रू उरला, तर मावशीनं गच्चीवर सगळ्या इमारतीसमोर कात्रीचा प्रयोग हसत बघायचा.

"आणि नाही उरला तर?" मावशीनं विचारलं.

"तू म्हणशील ते."

"एक तास तोंडातून आवाज काढायचा नाही. मी सांगेन त्या तासाला."

टेप क्षणभर गांगरली. पण पैज लावून बसली होती.

मावशीनं न्हाणीघराबाहेर जुनी गादी अंथरली, स्वयंपाकघरातून वाट्या आणल्या आणि ओळीनं मांडल्या. पाठीची वाटी, झाकणाची वाटी, पंपाची वाटी. कुठलाही स्क्रू निघाला की मावशीनं आकडा म्हणायचा, टेपनं बघून तोच आकडा म्हणायचा, आणि मग तो फरशीवर खडूनं लिहायचा. एका तोंडाची मोजणी ही मोजणीच नव्हे. टेपनं पहिले आकडे दुरुस्तीवाल्याच्या आवाजात म्हटले. मावशीनं नुसतं बघितलं. पुढचे आकडे टेपच्या स्वतःच्या आवाजात आले.

"पाना," मावशी म्हणायची आणि न बघता हात पुढे करायची. टेपनं पाना तळहातावर चापकन ठेवायचा. दोन-तीनदा उलटा ठेवल्यावर तिला जमायला लागलं, आणि मग त्या चापकन आवाजात तिला मजाच वाटायला लागली.

पाठ उघडली, पट्टा बघितला, ठीक होता. मशीन गादीवर आडवं केलं, खालचा पत्रा काढला. त्याचे स्क्रू टेपनं घाईत न मोजताच, वाटीत टाकायच्या ऐवजी कडेला फरशीवर ठेवले आणि मावशीनं पंपाची रबरी नळी सैल केली. एवढा वेळ पोटात धरून ठेवलेलं सगळं पाणी काळ्या गाळासकट भसकन बाहेर आलं. गादी भिजली, मावशीचा पदर भिजला, टेप घोट्यापर्यंत गाळात. फरशीवरचे स्क्रू वाहून दाराशी गेले. मावशीनं तिला असं काही झापलं की त्यातली दोन वाक्यं टेपनं पुढच्यासाठी राखून ठेवली. मग ती गुडघ्यांवर बसून गाळात चाचपत सुटली.

"पाच," चिखलानं बरबटलेले स्क्रू वाटीत टाकत ती म्हणाली.

"पाच," मावशीनं बघितलं. खडूनं पाच लिहिलं.

पंपात केसांचा, धाग्यांचा आणि एका बाळमोज्याचा बोळा अडकला होता. या घरात बाळ कधी नव्हतंच, त्यामुळे मोजा कुणाचा यावर थोडी चर्चा झाली. मावशीनं पंप नखानं कोरून साफ केला. मग एकेक वाटी रिकामी होत गेली. पंपाची झाली. झाकणाची झाली. पाठीची झाली. आकडे जसजसे जुळत होते, तसतसा मावशीचा आवाज उंच होत होता. शेवटी खालच्या पत्र्याची वाटी आली. एक, दोन, तीन, चार. पत्रा घट्ट बसला, सगळी भोकं भरली.

वाटीत एक उरला होता.

टेपनं दोन्ही हात वर केले आणि पेन्शनर बाईंच्या आवाजात "मी नाही हं, लोक म्हणतात" म्हणून टाकलं. ते तोंडातून निसटलंच. मावशी हसली नाही, रागावलीही नाही. ती त्या वाटीकडे बघत बसली.

चालू तरी करून बघू, एका स्क्रूनं काय होतंय, असं टेप आता जरा पडलेल्या आवाजात म्हणाली. मावशीनं मान हलवली. आकडा जुळला नाही म्हणजे बटण दाबायचं नाही. तिनं पाठ पुन्हा उघडली, टॉर्च घेतला, पट्ट्यापासून पंपापर्यंत एकेक जागा बोटानं तपासली. एकही भोक रिकामं नव्हतं. तरी स्क्रू एक जास्त होता. मग ती भिजल्या गादीच्या कोपऱ्यावर बसली.

"सोमवारी मेट्रनला नाही म्हणून सांगते," ती म्हणाली. "जिला आपल्या घरातलं मशीन मोजता येत नाही, ती पोरींना काय शिकवणार?"

टेपकडे शंभर माणसांचे आवाज होते. त्यातला एकही या वेळी उपयोगाचा नव्हता.  तिनं खडू उचलला, पाच हा आकडा पुसला आणि म्हणाली, "परत मोजू. पहिल्यापासून. तू काढ, मी पाना देते."

मावशीनं नको म्हणायला तोंड उघडलं, पण हात सवयीनं पुढे झालाच होता. चापकन पाना बसला. खालच्या पत्र्याचा एक स्क्रू निघाला. एक. एक. दुसरा. दोन. दोन. असे चारही निघाले, पुसून ओळीनं ठेवले. मग मावशीनं उरलेला पाचवा उचलला, पदरानं पुसला आणि त्याच्या डोक्यावर तोच पाना लावला.

पाना बसेना. डोकं मोठं होतं.

मावशीनं आणखी एकदा लावून बघितला. मग तिनं पेटीत हात घातला आणि तळाशी पडलेला, दिवसभरात कुणी हात न लावलेला जाडा पाना काढला. तो बरोब्बर बसला.

"टेपे," मावशी हळू आवाजात म्हणाली, "हा पाना आज आपल्या हातात आलाच नव्हता. मग हा स्क्रू आपण काढला कसा?"

टेपनं गाळाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं पाच काढले नव्हते, पाच गोळा केले होते. चार पत्र्याचे आणि एक त्या पाण्याबरोबर मशीनच्या पोटातून आलेला. पाच लिहितानाच मावशीनं पत्र्याची भोकं मोजली असती, तर हे तेव्हाच कळलं असतं. पण थिएटरात भोकं मोजत नाहीत, हत्यारं मोजतात.

आता मावशीनं मशीन पुन्हा जोडताना एकही आकडा चुकीचा पडू दिला नाही. बटण दाबलं. मशीननं घसा साफ केल्यासारखं केलं, पाणी घेतलं, सोडलं, गरागरा फिरलं. टेपनं आधी महिनाभराची खडाड्-खड् काढून दाखवली, मग आताचा नुसता हुंकार, म्हणजे फरक कळावा.

तेवढ्यात काका बस लावून आले. चप्पल काढता काढता त्यांचं लक्ष फरशीवर गेलं. हा इथं कुठं, असं म्हणून त्यांनी तो पाचवा उचलला. बसच्या तिसऱ्या रांगेतली सीट महिनाभर डुगडुगत होती. पोरं तिला झोपाळा म्हणत आणि त्यावर बसायला भांडत. हा तिचा बोल्ट होता. सापडला तेव्हा नंतर लावू म्हणून काकांनी खिशात टाकला होता, आणि ती पँट धुवायला गेली होती.

 खिसे तपासून कपडे टाका, हे मावशी लग्नापासून सांगत होती. आज सांगायची गरज उरली नव्हती. काकांनी चेहरा होता होईल तेवढा लहान केला.

टेपनं मात्र हार मानली नाही. उरला तो उरला, पैज मीच जिंकले, असं तिचं म्हणणं. निवाडा काकांवर सोपवला गेला, आणि काका त्या दिवशी मावशीच्या बाजूनं नसते तर कुणाच्या असते? उघडलेल्या वस्तूतला स्क्रू उरला तर, असं ठरलं होतं. हा मशीनचा नाही, बसचा आहे. बसनं काही पैज लावली नव्हती. झाला निकाल.

मावशी उठली, हात पुसले आणि मेट्रनला फोन लावला. या वेळी "बघते" म्हणाली नाही. "येते," म्हणाली. "बरोबर एक पेशंटही आणते. एक तास गप्प पडून राहील असा."

सोमवारी टेप हिरव्या चादरीखाली टेबलावर आडवी होती आणि भोवती नव्या मुली दोन-दोन तोंडांनी बोळे मोजत होत्या. त्यांच्यातल्या एकीचं "सात" असं नाकातून यायचं की टेपच्या ओठांपर्यंत आलेलं परत गिळताना तिचे डोळे पाणावत होते. तिची मान एका बाजूला वळलेली होती, म्हणून तिला आणखीही एक गोष्ट दिसत होती. मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर पायावर पाय टाकून बसली होती. वरच्या पायाच्या चपलेच्या तळाला पांढरा बोळा चिकटलेला होता, आणि तो तिनं स्वतः चिकटवला होता.

एक बोळा कमी भरला. मुलींनी बादली बघितली, टेबलाखाली बघितलं, एकमेकींकडे बघितलं. टेपला सगळं ठाऊक होतं आणि तास संपायला अजून बराच अवकाश होता. मावशीनं तिच्याकडे बघून पाय हळूच हलवला.

"थांबा," नाकातून बोलणारी मुलगी म्हणाली. "सिस्टर, तुमच्यासकट सगळ्यांनी पाय वर करा."

मावशीनं पाय वर केला. इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट त्या पोरींना सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि टेबलावर टेपनं दोन्ही हातांनी आपलं तोंड घट्ट दाबून धरलं.