मागच्या खिडकीतला कूलर

शकुंतलाताई मेश्राम यांना मी प्रथम भेटलो ते जरीपटक्यातल्या आरोग्य केंद्रात. मी नवा आरोग्यसेवक, त्या तिथल्या वरिष्ठ परिचारिका. माझ्या पदवीबद्दल त्यांनी काही विचारले नाही. "उन्हातान्हात चालता येते ना गा तुले?" एवढेच विचारले. आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. या निमित्ताने त्यांच्या कामाविषयी लिहायचे, तर माझ्या एका चुकीविषयीही लिहावे लागेल.

डेंग्यूच्या दिवसांत आम्ही घरोघरी साठलेले पाणी तपासत असू आणि तपासलेल्या घराच्या भिंतीवर खडूने तारीख घालून सही करत असू. पावसाळा लागला की आपल्याकडचे कूलर बंद होतात, तळाचे पाणी मात्र तसेच राहते. एका घराच्या मागच्या खिडकीत असा कूलर होता आणि आवारात मोकळा कुत्रा. मी पुढूनच सही करून निघालो. घरी स्वतःच्या डायरीत मात्र 'मागे जायला वेळ अपुरा पडला' असे लिहिले. तेही खरे नव्हते.

पंधरा दिवसांनी त्या घरची मुलगी वैशाली तापाने फणफणली. बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा महिना. तपासणीत डेंग्यू निघाला. ताईंनी विचारेपर्यंत मी गप्प होतो.

"मागचा कूलर पाहिला होता काय गा?"

"नाही, ताई."

प्रकरण केंद्रातच मिटेल असे मला वाटले होते. ताईंनी पिशवी उचलली. "चाल. त्यांच्या घरी जाऊन सांगू."

तिथे त्यांनी माझे नाव घेतले नाही. "आमच्याकडून चूक झाली" असे म्हणाल्या. कुत्र्याचे मीच सांगितले. वैशालीच्या आई भडकल्या. "कुत्र्याले भेले अन् सही ठोकून गेले? वा रे साहेब! आता काहून आले?"

"शिव्या द्या बाई, तुमचा हक्क आहे. पण आधी कुत्रा धरा. ह्याले कूलर रिकामा करायचा आहे."

कूलरमध्ये अळ्या होत्याच. परतताना मी विचारले, "तिचा ताप माझ्यामुळेच का, ताई?"

"ते कोणालेच सांगता येत नाही. पण न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलं, ते तर तुले माहीत आहे."

पुढचे आठ दिवस ताई रोज रुग्णालयात वैशालीजवळ जाऊन बसत आणि नंतर माझ्यासोबत ती सगळी वस्ती पुन्हा पालथी घालत. जी दारे आम्हाला कधी उघडली नव्हती, ती वैशालीच्या आईंनी उघडवली. "येऊ द्या वं, हे खोटं नाही बोलत," असे त्या शेजारणींना सांगत. अंगावर काढलेले आणखी दोन ताप त्यामुळेच वेळेवर कळले. वैशाली बरी झाली आणि महिन्याभराने सुखरूप बाळंत झाली.

आमच्या कामाचे यश दिसत नाही, कारण ते न आलेल्या आजारात असते. त्याबद्दल ताईंनी कधी खंत केली नाही. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्या वस्तीतली मुले मोठी होताना त्यांना पाहायला मिळोत. त्या मुलांना ताईंचे नावही ठाऊक नसेल. ताईंना ते चालेल.